कल्पना दमदार, पण जग पोकळ: फँटसी कादंबरीचा खर्डा कसा दुरुस्त करावा

खर्डा वाचणारा म्हणतो, "कल्पना भन्नाट आहे, पण..." आणि पुढे नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही. बहुतेक वेळा ती कल्पना नायकालाच चिकटलेली असते, बाकीच्या जगाला तिचा पत्ताच नसतो. मग लेखक नकाशे काढायला आणि राजघराण्यांच्या वंशावळी रचायला बसतो. त्यात मजा येते खरी, पण ते काम नंतरचं.

उदाहरणासाठी एक कल्पना धरू: मंत्राने एकाची जखम दुसऱ्याच्या अंगावर हलवता येते.

१. पोकळ जागा शोधा. प्रत्येक प्रकरणातून जादू मनातल्या मनात काढून टाका. तरीही प्रकरण जसंच्या तसं उभं राहिलं, तर समासात खूण करा. अजून काही बदलू नका.

२. नियम एका वहीत लिहून काढा. चार-पाच वाक्यं पुरेत. जखम किती अंतरावरून हलते? घेणाऱ्याची संमती लागते का? फक्त घाव हलतो की आजार, म्हातारपणही? मंत्राला काय जमत नाही, हे जास्त काळजीने ठरवा, कारण कथेतली अडचण तिथूनच निघते. आणि शेवटाकडे नायक अडकला म्हणून नियम वाकवायचा नाही.

३. किंमत कोण मोजतं ते बघा. सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पैसेवाला आपला घाव दुसऱ्याला देणार, आणि पोटासाठी घाव घेणारी माणसं तयार होणार. त्यांचा दर कोण ठरवतं? उजव्या आणि डाव्या हाताचा भाव एकच का? कर्जापायी बापाने मुलाचं अंग लिहून दिलं तर न्यायालय ते मानेल? घाव घेणारा मेला तर खुनी कोण: वार करणारा, मांत्रिक, की ज्याच्या अंगावरून घाव उतरला तो? शस्त्रक्रिया शिकायची गरज कुणाला उरली असेल का? पुरोहित याला पुण्य म्हणतात की पाप? (माझ्या मते दोन पंथ असावेत आणि त्यांचं आपसात पटू नये.) यातल्या निम्म्या प्रश्नांत एकेक प्रसंग दडलेला आहे.

जादूचा पैशाशी संबंध असेल तर इतिहास धुंडाळा. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मनसा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला. तिथे त्याने इतकं सोनं वाटलं आणि खर्चलं की सोन्याचा भाव उतरला. साधारण १२ वर्षांनंतरही तो सावरला नव्हता, असं अल्-उमरी या त्या काळच्या लेखकाने नोंदवलं आहे. एका यात्रेकरूमुळे एवढं होतं. मग तुमचा किमयागार रोज पोतंभर सोनं करत असताना बाजारात सगळं आलबेल कसं?

४. अंतरं आणि धान्य मोजा. पायी सैन्य दिवसाला साधारण २० ते २५ किलोमीटर चालतं. माणशी रोज किलोभर धान्य धरलं तर १०,००० सैनिकांना रोज १० टन लागतं. आपल्या उदाहरणातल्या जगात त्यांच्या मागे घाव घेणाऱ्यांचा तांडाही चालणार, आणि तोही खाणार. मग शत्रू आघाडी सोडून थेट त्या तांड्यावरच का तुटून पडणार नाही? बघा, लढाईचा डाव आपोआप बदलला. नकाशापुरतं बोलायचं तर नद्या वाटेत एकमेकींना मिळतात, त्यांना फाटे फुटतात ते बहुधा मुखाजवळ. आणि डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला पाऊस कमी पडतो. सुरुवातीला एवढं पुरे.

५. बोली घडवा. उच्चारता न येणारी नावं ठेवून जग उभं राहत नाही. शिव्या, शपथा, लाडाचे शब्द बदला. "माझा घाव तुझ्या पोराला जावो" ही तिथली सगळ्यात वाईट शिवी असेल, आणि लग्नात "तुझा घाव तो माझा" अशी शपथ घेत असतील.

६. आता खर्ड्यात पेरा. वहीत लिहिलेलं बरंचसं वहीतच राहू द्या. "तुला ठाऊकच आहे की..." अशी सुरुवात करून दोन पात्रं एकमेकांना माहीत असलेलंच सांगत असतील, तर तो संवाद सरळ कापा. त्याऐवजी दारात आलेल्या घाव घेणाऱ्याशी एक बाई मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावरून घासाघीस करते आहे, असं दाखवा. "एवढ्याशा ओरखड्याला इतके?" एवढं एक वाक्य बाजार, दर आणि तिची ऐपत सांगून जातं. सुरुवात पहिल्या पायरीत खूण केलेल्या प्रकरणांपासून करा.

शेवटी, ती वही न पाहिलेल्या वाचकाला खर्डा द्या आणि त्या जगाचे नियम त्यालाच सांगायला लावा. जिथे तो चुकेल, तिथे एखादं वाक्य वाढवा. जिथे तो कंटाळून पानं उलटेल, तिथली दोन वाक्यं काढा.