जीपीएस सायकल कॉम्प्युटरवर रूट लावताय? या चुका टाळा

ग्रुप राइडच्या आदल्या रात्री उशिरा कुणीतरी रूटची फाइल टाकतं. सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात, उघडून बघणारे एखाद-दोघंच. मग सकाळी निघायच्या वेळी हेल्मेट घालता घालता प्रश्न सुरू होतात: "माझ्यात ॲरो का येत नाहीये?", "हा मला मागे का फिरायला सांगतोय?" हँडलवर लावून रस्ता दाखवणारं कुठल्या कंपनीचं यंत्र भारी यावर हीच मंडळी तासन्‌तास वाद घालतात. पण रस्ता चुकल्याच्या ज्या तक्रारी माझ्या कानावर येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ घरी बसून फाइल बनवली तिथेच सापडतं.

ऑटो रीरूट चालू ठेवणं

माझ्या मते हा सगळ्यात मोठा घोळ. नकाशावर आखलेली रूटची लाइन सोडली की यंत्र आपणहून नवा रस्ता शोधून देतं, ही सोय ऐकायला छान वाटते. गाडीत ती ठीकच आहे, कारण तिथे मुक्कामाला पोचण्याशी मतलब असतो. सायकलवर आपण रस्ताच निवडलेला असतो: इथे रहदारी कमी, तिथे चढ चांगला, हा पट्टा सावलीचा. यंत्राला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला शेवटचा बिंदू दिसतो आणि तिथे लवकर कसं न्यायचं एवढंच कळतं.

आमच्यातला एक गडी, पायात भरपूर जोर, कायम पुढे. रूट होता 140 किलोमीटरचा गोल, म्हणजे जिथून निघालो तिथेच संपणारा. 62 किलोमीटरला हा पाणी भरायला मुख्य रस्ता सोडून थोडा आत गेला. यंत्र बीप झालं, नवा रस्ता काढू का विचारलं, यानं न वाचता 'हो' दाबलं. गोल रूटचा शेवट म्हणजे सुरुवातच, त्यामुळे यंत्रानं इमानेइतबारे घरचा जवळचा रस्ता काढून दिला. स्क्रीनवर उरलेलं अंतर 78 वरून एकदम 41 वर आलं. कुणालाही इथे शंका यायला हवी. याला वाटलं, आधीचा आकडा चुकीचा होता! वर वारा पाठीवर, त्यामुळे स्वारी खुशीत. आम्ही पुढच्या ठरलेल्या थांब्यावर त्याची वाट बघतोय, फोन लागत नाहीये, दोघं उलटे शोधायला गेलेत. शेवटी त्याचाच फोन आला, "मी पोचलो. तुम्ही कुठे राहिलात?"

मी रीरूट बंदच ठेवतो. लाइन सुटली की बीप होतं, मी थांबतो, नकाशा झूम करतो आणि आहे त्याच लाइनवर परत येतो. पुढे रस्ता खोदलेला असेल तर नकाशा बघून वळसा घालतो; लाइन तिथेच असते, ती कुठे पळून जात नाही. काही यंत्रं नव्या रस्त्यानं तुम्हाला मूळ लाइनवर पुढे कुठेतरी आणून सोडतात, काही सरळ शेवटाकडे नेतात. आपलं कुठल्या जातीचं आहे ते घराजवळ मुद्दाम एक वळण चुकवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. करत कुणीच नाही.

जायचा आणि यायचा रस्ता एकाच फाइलमध्ये

रूटचा सुरुवातीचा आणि शेवटचा पट्टा एकच असेल, तर नकाशावर दोन लाइनी एकमेकींवर बसतात. तुम्ही जाताय की येताय याचा यंत्राला घोटाळा होतो. निघाल्या निघाल्या "रूट पूर्ण झाला" असं अभिनंदन झळकतं किंवा ॲरो उलटा दिसतो. इंग्रजी 8 च्या आकड्यासारख्या रूटमध्ये मधल्या चौकात हाच गोंधळ.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. सगळ्यात लांबच्या टोकाला फाइल तोडायची आणि जायची एक, यायची एक अशा दोन करायच्या. टोकाला थांबतोच आपण, तेव्हा दुसरी लावायची. गोल रूट असेल तर सुरुवातीचा बिंदू घराच्या दारात न ठेवता पुढच्या चौकात ठेवायचा, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकमेकांना चिकटत नाहीत.

"जीपीएक्स आहे ना, मग झालं"

नाही झालं. जीपीएक्स (GPX) हा रूटच्या फाइलचा नेहमीचा प्रकार. त्या फाइलमध्ये ट्रॅक असू शकतो किंवा रूट. ट्रॅक म्हणजे जवळजवळच्या बिंदूंची लाइन. तुम्ही आखली तशीच उतरते. रूट म्हणजे मोजके बिंदू, मधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून ठरवतं. दोन यंत्रांत दोन वेगळे रस्ते निघण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आणि वळणाच्या सूचना म्हणाल, तर नुसत्या ट्रॅकमध्ये त्या नसतात. एकतर यंत्रात त्या भागाचा रूटिंगवाला, म्हणजे रस्ता शोधता येईल असा नकाशा हवा किंवा टीसीएक्स (TCX) अथवा फिट (FIT) प्रकारची फाइल हवी, जिच्यात वळणाचे बिंदू सोबत येतात. दोन्ही नसेल तर ॲरोची वाट बघू नका, लाइन बघत चला.

प्लॅनरमध्ये बिंदू टाकून पुढे पळणं

दुभाजक असलेल्या रस्त्याच्या दोन बाजू नकाशात दोन वेगळ्या, एकेरी लाइनी असतात. तुम्ही लांबून बघत बिंदू टाकला आणि तो पलीकडच्या बाजूवर पडला, की प्लॅनर (रूट आखायचं ॲप किंवा वेबसाइट) तुम्हाला पुढच्या यू-टर्नपर्यंत नेऊन परत आणतो. लाइनीवर लाइन बसल्यामुळे लांबून काही कळत नाही. बिंदू गल्लीत पडला तर मात्र लाइनीतून बारीक काटा बाहेर आलेला दिसतो. रूट आखून झाला की मी पूर्ण झूम करून लाइनीवरून एक फेरी मारतो, काटे काढतो आणि बिंदू योग्य बाजूला सरकवतो. कंटाळवाणं काम आहे, पण भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोन चाळण्यापेक्षा बरं.

दुसऱ्याची रेकॉर्ड झालेली राइड उचलून रूट म्हणून वापरणारे तर धन्यच. तो जिथे चुकला तिथे तुम्हीही चुकणार. तो जिथे अर्धा तास बसला, तिथे जीपीएस भरकटून झालेली गिचमिडसुद्धा तुमच्या लाइनीत येणार. ती राइड उलटी फिरवून घेतली, तर एकेरी रस्तेही उलटे.

बाकीच्या, थोडक्यात

उपग्रह पकडण्याआधी निघू नका. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पाठवतो. यंत्र फोनशी जोडलेलं असेल तर ती बऱ्याचदा आधीच उतरलेली असते, नसेल तर मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर उभं राहा.

ॲरोवर आंधळा विश्वास नको. बहुतेक यंत्रं सेकंदाला एकदा जागा टिपतात. ताशी 36 किलोमीटरनं तेवढ्यात तुम्ही 10 मीटर पुढे गेलेले असता, त्यामुळे शेजारी शेजारी दोन गल्ल्या असतील तर आधीच वेग कमी करा.

नव्या भागात जाताना तिथला नकाशा यंत्रात उतरवलाय का ते घरीच बघा.

बॅटरी धडाधड उतरतेय? ब्राइटनेस कमी करा आणि नकाशाचं पान सतत उघडं ठेवू नका. फाइलमध्ये वळणाच्या सूचना असतील तर वळणाच्या आधी त्या आपोआप वर येतात.

चढावर असूनही उंची वाढत नसेल, तर यंत्राच्या मागचं बारीक छिद्र बघा. बऱ्याच यंत्रांत उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. छिद्रात घाम किंवा पाणी साचलं की आकडा थिजतो. पुसायचं, हलकी फुंकर मारायची. टाचणी खुपसायची नाही. आत सेन्सर असतो.

आणि फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट राइडच्या आदल्या रात्री करू नका. कधीकधी सेटिंग मूळपदावर जातात, आणि ऑटो रीरूट पुन्हा चालू झालेला तुम्हाला तिसऱ्या वळणावर कळतो.