कपाटाच्या दाराची चौकट : राउटर बिट निवडताना या चुका टाळा

राउटर म्हणजे लाकडात खाच आणि नक्षी पाडणारं यंत्र, आणि बिट म्हणजे त्यात बसणारं फिरतं पातं. बिट घ्यायला गेलं की नजर आधी नक्षीवर जाते. नक्षी शेवटी बघा, आधी जोडी बघा. चारही पट्ट्यांच्या आतल्या कडेला नक्षी आणि खाच पाडतो तो एक बिट. आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच नक्षीचा उलटा साचा आणि खाचेत बसणारी जीभ काढतो तो दुसरा. नक्षी सारखीच दिसते म्हणून दोन कंपन्यांचे बिट जमवलेत, तर सांध्यात केसाएवढी फट राहते आणि पॉलिश चढलं की तीच आधी डोळ्यात भरते. कटर उलटसुलट लावून दोन्ही कामं करणारा एकच बिटही मिळतो. एखाद-दुसऱ्या दारापुरता ठीक. बारा दारं करायची असतील तर दर वेळी नट खोलून वॉशर सांभाळत बसण्यात जीव जातो.

शँक, म्हणजे बिटचा दांडा, चार सुतीच घ्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन सुती शँकवर एवढा मोठा कटर थरथरतो आणि कडेवर लाटा उमटतात. बिट कॉलेटमध्ये, म्हणजे राउटरच्या बिट धरणाऱ्या पकडीत, तळाला टेकेपर्यंत ढकलू नका. सूतभर वर घेऊन मग आवळा, नाहीतर चालता चालता सुटतो.

जाडीत बरेच जण फसतात. बहुतेक सेट सहा सुती पट्टीसाठी असतात. पट्टी चार सुती असेल तर खाचेमागची भिंत पापडासारखी उरते. खाच साधारण दोन सुती, म्हणजे 6.35 मिमी, आणि 6 मिमीचा प्लाय मुळातच त्याहून पातळ. मग दार लावलं की चौकटीतलं मधलं पॅनल खुळखुळतं. पातळ प्लायच वापरायचा असेल तर खाचेची रुंदी कमी-जास्त करता येणारा सेट घ्या.

सांधा बिघडला की लोक सरसकट बिटला दोष देतात. बोट फिरवून बघा. दोन पट्ट्यांच्या तोंडात पायरी लागत असेल तर चूक बिटच्या उंचीची आहे. दुसरा बिट बसवताना पहिल्याने कापलेला तुकडा शेजारी धरून उंची जुळवा. पायरी नाही, पण जीभ खाचेत ढिली आहे? मग जिभेच्या बिटमध्ये बेअरिंगजवळ एक पातळ वॉशर वाढवा. घट्ट असेल तर काढा. धार लावून आणलेल्या बिटला बहुधा वॉशर काढावाच लागतो, कारण कटर झिजून पातळ होतो आणि जीभ जाड निघते.

टोकं आधी कापा, कडा नंतर. टोक कापताना बिट बाहेर पडतो तिथे ढलपा उडतो. नंतर कडेची नक्षी काढताना तो निघून जातो. मागे टाकाऊ तुकडा लावलात तर तोही उडत नाही.

माझी स्वतःची चूक मापाची. दार 16 इंच, उभ्या पट्ट्या सव्वादोन-सव्वादोन इंच, म्हणून आडवी पट्टी साडेअकरा इंच कापली. जीभ दोन्हीकडे तीन-तीन सूत आत जाते हे विसरलो. हवी होती सव्वाबारा. चार पट्ट्या वाया गेल्या आणि दार पाऊण इंच अरुंद. आता जिभेची खोली बिटच्या डब्यावरच पेनाने लिहून ठेवतो.

उठावाचं पॅनल, म्हणजे कडा उतरत्या आणि मधला भाग वर आलेला, करणार असाल तर सव्वातीन इंची आडवा बिट पूर्ण वेगावर चालवू नका. मिनिटाला 10,000 ते 12,000 फेरे पुरे, आणि तेही तीन-चार हातांत थोडं थोडं काढत. वेग कमी करायची सोय नसलेल्या राउटरवर तो बिट चढवूच नका.