बोकडाच्या मांडीचं सँडविच

स्टेक म्हणजे मुळात गाईबैलाच्या मांसाचा जाड काप. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूच्याही कत्तलीवर आहे, म्हणून गावात स्टेकचं सँडविच करायचं तर बोकडाचंच. पण बोकड दिवसभर धुऱ्याबांधावर चरत हिंडतो, त्याच्या मांडीचा जाड काप तव्यावर टाकलात तर चपलेचा तळ चावत बसाल. त्यावर जो तो एकच उपाय सांगतो, कुकरच्या तीन शिट्या काढा. तो रस्सा झाला. सँडविचमध्ये खमंग कडा हव्यात, त्या पाण्यात उकडून येत नाहीत.

चार जणांना अर्धा किलो मटण पुरतं. मागच्या पायाचं, कोवळ्या बोकडाचं, हाड काढलेलं आणि एकसंध. रविवारी खाटकाकडे गर्दी असते आणि हात सवयीनं तुकडे पाडतो, म्हणून तो सत्तूर उचलायच्या आधीच सांगा.

आता कापणं. दोन वर्षं मी इथंच मार खाल्ला. पोट्टे मुकाट्यानं खात आणि उरलेलं कुत्र्याला टाकत. चूक मसाल्यात आहे असं वाटून मी मसाला बदलत राहिलो. चूक सुरीच्या दिशेत होती.

ज्वारीचा गोड धांडा आठवा. उभा चिरला तर चिपाडं दातात अडकतात, आडव्या चकत्या केल्या तर लेकरूही चावतं. मटणाच्या धाग्यांचं तसंच आहे. धागा आडवा तोडला की तो आखूड होतो, मग दाताला काम उरत नाही. पण हे कोणी सांगत नाही की मांडी म्हणजे एकच गोळा नसतो. त्यात चार-पाच स्नायू असतात आणि प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेला जातात. अख्खी मांडी एकाच दिशेनं कापली तर निम्मे काप मऊ, निम्मे चामट. म्हणून आधी पांढऱ्या पडद्यांवरून बोटांनी स्नायू सुटे करा आणि वरची चिवट पापुद्री सुरीनं सोलून काढा. ती कितीही भाजा, मऊ होत नाही. मग हे गोळे पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा. दगड करायचे नाहीत, सुरी जाईल इतपत घट्ट. लाइट जायची वेळ ठाऊक असेलच, त्याआधी उरका. आता एकेक गोळा उजेडात धरून रेषा बघा आणि त्यांना आडवे, जुन्या रुपयाच्या नाण्याहून थोडे जाड काप काढा.

कच्च्या पपईचा कीस एक चमचा, तोही अर्धाच तास. रात्रभर लावून ठेवा म्हणणाऱ्याचं ऐकून मी एकदा ठेवला, सकाळी पातेल्यात चिखल होता. सोबत आलं-लसूण आणि भिवापुरी मिरचीचं तिखट. मीठ आता नको, पाणी सुटतं.

लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवा. काप पुसून कोरडे करा, तेल लावा, एका वेळी सहा-सातच टाका. गर्दी केली की तवा थंडावतो, पाणी सुटतं आणि मटण शिजत बसतं. झाकण अजिबात नको. एक बाजू दीड मिनिट, दुसरी एक, मग मीठ. आत लाल दिसलं तर अजून अर्धं मिनिट द्या. काढून पाच मिनिटं ताटात राहू द्या, लगेच पावात भरलं तर सगळा रस पावात उतरतो.

त्याच तव्यावर कांदा लाल करा, मग पाव आतल्या बाजूनं भाजा. पाव बेकरीतला जाडच घ्या, स्लाइस ब्रेडचा लगदा होतो. एका बाजूला फडक्यात टांगलेलं घट्ट दही आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एकत्र करून लावा, वर मटण, कांदा, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. टमाटा घालायचा तर बिया काढून.

वावरात न्यायचं असेल तर मटण डब्यात वेगळं, पाव फडक्यात वेगळा, आणि भरायचं ते तिथं बसल्यावर.