माउंटखाली अडकलात तर बाहेर कसं यायचं

बीजेजे (ब्राझिलियन जिउ-जित्सू, जमिनीवरची कुस्तीसारखी लढत) सुरू केलं की पहिले काही महिने आपण बहुतेक वेळ खालीच असतो. समोरचा दोन्ही बाजूंना गुडघे टेकून छातीवर बसलाय (यालाच माउंट म्हणतात), श्वास पुरत नाहीये, आणि अशा वेळी जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो, दोन्ही हात सरळ करून त्याला वर ढकलायला जातो. तो तर हलत नाहीच, वर तुमचा ताठ हात त्याला आयता मिळतो आणि आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारं लॉक, बसतो. मीही कितीतरी दिवस हेच करत होतो. मग एकदा कोचने माझी दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवली आणि म्हणाला, "आख्खा राउंड ही इथून हलवायची नाहीत, सुटला नाहीस तरी चालेल." सुटलो नाहीच, पण त्या राउंडला पहिल्यांदा टॅप (हाताने थोपटून हार मानणं) न करता उठलो.

तर पहिलं काम हेच. कोपरं आत, हनुवटी खाली, टाचा ढुंगणाजवळ ओढून घ्या आणि नाकाने श्वास घ्या. तो काखेपर्यंत वर सरकला की मग फार अवघड होतं, म्हणून त्याला तुमच्या कंबरेजवळच ठेवायचं.

तालमीत कुस्ती केलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. कुस्तीत चीत झालं की संपलं, त्यामुळे अंग आपोआप पालथं व्हायला बघतं. इथे पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही, पण पालथे झालात की त्याला तुमची पाठ मिळते आणि मागून गळा आवळायला वाट मोकळी. स्पर्धा घेणाऱ्या आयबीजेजेएफ या संघटनेच्या नियमात त्याला माउंटचेही 4 पॉइंट आणि बॅकचेही (पाठ मिळवल्याचेही) 4, म्हणजे फायदा तर काहीच नाही, धोका वाढला.

आता उपा, म्हणजे ब्रिज मारून उलटवणं. त्याचा उजवा हात तुमच्या छातीवर आला की तो मनगटाशी आणि कोपराच्या वर असा दोन्ही हातांनी धरून छातीशी घट्ट दाबा, आणि तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेरून अडकवा. दोन्ही लॉक झाले की कंबर आधी सरळ वर उचला आणि मग डाव्या खांद्यावरून तिरकं फिरा. नुसतं बाजूला लोळायला गेलात तर वजन उचललंच जात नाही. उलटलात की तुम्ही त्याच्या गार्डमध्ये, म्हणजे त्याच्या दोन पायांच्या मध्ये, असता, तिथे लगेच पाठ सरळ करा.

उपा पहिल्या फटक्यात लागेलच असं नाही, कारण अनुभवी माणूस हात किंवा पाय बाहेर टाकून तोल सावरतो. पण तो सावरत असताना त्याच्या गुडघ्यापाशी जागा होते, आणि मला तरी खरी सुटका तिथेच मिळते. उजव्या कुशीवर वळा, उजवा पाय मॅटवर पूर्ण आडवा टाका, डावं पाऊल रोवलेलं राहू द्या. उजवं कोपर त्याच्या डाव्या गुडघ्याच्या आतून लावा, ढुंगण मागे सरकवा (यालाच श्रिंप म्हणतात) आणि उजवा गुडघा त्याच्या पायाखालून आत ओढून स्वतःच्या कोपराला भिडवा. पाय आडवा नसेल तर गुडघा त्याच्या मांडीला अडतो, नव्या लोकांचं इथेच बिनसतं. गुडघा आत आला की दोन्ही पायांत त्याचा पाय पकडा, हाफ गार्ड झालं, मग दुसऱ्या कुशीवर वळून दुसरा गुडघाही तसाच आत आणा.

साइड कंट्रोललाही, म्हणजे तो बाजूने छातीवर आडवा पडून दाबतो तेव्हाही, हेच तत्त्व. एक फोरआर्म (कोपर ते मनगट) त्याच्या मानेला, दुसरा कंबरेच्या हाडाला, थोडा ब्रिज, आणि त्याचं वजन परत खाली येतंय त्याच क्षणी श्रिंप करून गुडघा मध्ये घाला. हातांनी त्याला ढकलायचं नाही, हात जागेवर ठेवून आपण सरकायचं.

आणि हात पुरता लॉक झाला असेल तर टॅप करा, प्लीज. 1951 मध्ये रिओत जपानी ज्युदोपटू किमुराविरुद्ध बीजेजेच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या हेलिओ ग्रेसींनी टॅप केलं नाही आणि हात मोडला, त्या लॉकला आज किमुराच म्हणतात. क्लासमधल्या मंगळवारच्या राउंडसाठी तेवढं करू नका.

प्रॅक्टिसला रोज मॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही कुशींवर श्रिंप करा, आणि पार्टनरला सांगा की 2 मिनिटं माउंटमधूनच सुरू करू, सुटलो की परत तिथेच बस. आधी अर्ध्या ताकदीने बसायला सांगा, मग हळूहळू वाढवा.