कॉकाटील हातावर येत नाही? आधी त्याचा तुरा वाचायला शिका

कॉकाटील म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. त्याला माणसाळवायच्या आधी एक गैरसमज काढून टाका. बरेच जण सांगतात की पक्षी माणसाळायला हवा असेल तर अगदी छोटं पिल्लू आणायचं आणि सिरिंजने आपणच भरवायचं. नवीन असाल तर हे अजिबात करू नका. भरवायचा फॉर्म्युला (पिल्लांसाठीचं पातळ खाणं) साधारण ३९ ते ४१ डिग्री सेल्सिअसला लागतो, जास्त गरम झाला तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड झाला तर अन्न तिथेच पडून आंबतं, आणि घाईत भरवलं तर श्वासनळीत जाऊन पिल्लू तुमच्या हातातच मरतं. ८-१० आठवड्यांचं, स्वतःचं स्वतः दाणे खाणारं पिल्लू आणा, तेही मस्त माणसाळतं, फक्त थोडा वेळ घेतं.

पिंजरा जिथे घरातली माणसं बसतात तिथे, एका बाजूने भिंतीला टेकवून ठेवा. किचनमध्ये मात्र नको, नॉनस्टिक पॅन जास्त तापलं की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पहिला आठवडा दाणापाणी सोडून हात आत घालायचाच नाही, नुसतं शेजारी बसून हळू आवाजात बोलायचं किंवा शीळ घालायची.

आता तुरा. एकदम ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कशाकडे तरी टक लावून बघतोय, सैलसर अर्धा पडलेला म्हणजे निवांत आहे, आणि डोक्याला चपटा चिकटवून फिस्स करतोय म्हणजे सरळ सांगतोय की लांब हो. तेव्हा लांबच व्हायचं. मी पहिल्या पक्ष्याच्या वेळी हे मनावर घेतलं नाही, तिसऱ्याच दिवशी टॉवेलमध्ये पकडून बाहेर काढला कारण मला घाई, पुढचा महिनाभर माझा हात दिसला की तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात.

राळ्याचं कणीस आणा, यांना ते वेड्यासारखं आवडतं. आधी जाळीबाहेरून द्या, मग दार उघडून, मग कणीस असं धरा की खायला तुमच्या बोटांजवळ यावं लागेल, आणि रोज थोडं थोडं मागे घ्या. तो बिनधास्त खायला लागला की दुसऱ्या हाताचं बोट आडवं धरून पायांच्या जरा वर, पोटाच्या खालच्या भागाला हलकंच टेकवा आणि 'अप' म्हणा, चढला की लगेच खाऊ. एका वेळी ५-१० मिनिटं बास, दिवसातून दोनदा. चावला तर हात झटकायचा नाही आणि ओरडायचं पण नाही (अवघड आहे, माहितीय), नाहीतर चावलं की हात जातो हे तो एका दिवसात शिकतो.

खाजवायचं फक्त डोकं आणि गाल, तेही त्याने मान खाली घातली तरच. पाठीवरून हात फिरवू नका, त्याला ते जोडीदारासारखं वाटतं आणि मादी असेल तर नर नसतानाही अंडी घालत बसते.

बजरीगर या छोट्या रंगीत पोपटांना हीच पद्धत चालते, ते फक्त जास्त चपळ. आफ्रिकन ग्रे या मोठ्या राखाडी पोपटाला मात्र नवीन वस्तू, नवीन माणूस सगळ्याचीच भीती, तिथे आठवड्याचे महिने होतात. आणि दोन पक्षी एकत्र आणले तर ते एकमेकांतच रमतात, तुमची गरज कमी लागते, वाईट वाटून घेऊ नका.

नुसत्या बियांवर ठेवू नका, व्हिटॅमिन ए कमी पडतं. पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार गोळ्यांचं खाणं), गाजर, हिरव्या पालेभाज्या द्या, सूर्यफुलाच्या बिया फक्त बक्षीस म्हणून. अवोकाडो, चॉकलेट, कॉफी, कांदा कधीच नाही. बाहेर सोडायच्या आधी पंखा बंद, खिडक्या बंद, हे प्रत्येक वेळी, एकदा विसरलात तरी पुरे होतं.

रात्री १०-१२ तास झोप लागते, पण मिट्ट काळोख करू नका. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतात, पिसं तुटून रक्त येतं, एक मंद नाइट लॅम्प लावून ठेवा आणि असं झालंच तर आधी लाइट लावा, लांबूनच बोलत राहा, शांत झाला की मग पंख बघा.