मोबाइल डेटावर मोठं ॲप उतरवताना: आधी ‘मीटर्ड’चा शिक्का बघा

कॅश साफ करा, फोन रिस्टार्ट करा, अकाउंट काढून परत टाका. मोठं ॲप डाउनलोड होत नसलं की हे तीन सल्ले कुणीही देतं. मी नागपुरात नंदनवनला राहते. बिल्डिंगमध्ये किंवा नात्यात कुणाचंही ॲप अडलं की फोन माझ्या हातात येतो, आणि या तीन उपायांनी अडलेलं डाउनलोड सुटलेलं मी फारच क्वचित पाहिलंय. कारण बहुतेक वेळा बिघाड नसतोच. कुठल्यातरी सेटिंगनं त्या डाउनलोडला ‘थांब’ म्हटलेलं असतं. ती सेटिंग कुठली, तेवढं शोधायचं.

सुरुवात आकड्यापासून करा. प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर ‘अबाउट धिस ॲप’ उघडून तळाशी डाउनलोड साइझ बघा, आयफोनवर ‘इन्फॉर्मेशन’खाली साइझ. गेम असेल तर हा आकडा पुरा धरू नका. गेम पहिल्यांदा उघडला की नकाशे, ग्राफिक्स असं बरंच काही आतून वेगळं उतरतं, आणि त्या डाउनलोडला स्टोअरची सेटिंग लागू होत नाही.

मग आजचा किती डेटा उरलाय ते बघा, आणि ते सिम कंपनीच्या ॲपमध्येच बघा. फोनमधला ‘डेटा लिमिट’चा आकडा सहसा महिन्याच्या हिशेबानं चालतो, आपले पॅक रोज दीड किंवा दोन जीबीचे. दोन्हींचा मेळ बसत नाही. रोजचा कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये नेट बंद न होता ६४ केबीपीएसवर येतं, म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. या वेगानं १ जीबी उतरायला जवळपास ३५ तास लागतात. स्क्रीनवर गोल फिरत राहतो, माणूस तासभर ताटकळतो आणि मग ‘ॲप खराब आहे’ म्हणून मोकळा होतो. फोनची तारीख पुढे ढकलली की कोटा परत मिळतो, असंही कुणीकुणी सांगतं. मिळत नाही. मोजदाद कंपनीकडे होते, तुमच्या घड्याळाशी तिचा संबंध नाही.

आता स्टोअरची सेटिंग. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, वर उजवीकडे स्वतःचा फोटो, सेटिंग्ज, ‘नेटवर्क प्रेफरन्सेस’, ‘ॲप डाउनलोड प्रेफरन्स’. तिथे ‘आस्क मी एव्हरी टाइम’ निवडा. आयफोनवर सेटिंग्ज, (नव्या आयओएसवर आधी ‘ॲप्स’,) ॲप स्टोअर, मोबाइल डेटाखाली ‘ॲप डाउनलोड्स’, आणि ‘आस्क इफ ओव्हर २०० एमबी’. आयफोनवर मोठी ॲप्स मोबाइल डेटावर उतरतच नाहीत, असं अजूनही लोक ठामपणे सांगतात. ती गोष्ट जुनी झाली. ती मर्यादा २०१७ मध्ये १५० एमबी होती, २०१९ मध्ये २०० झाली, आणि त्याच वर्षी आयओएस १३ आल्यावर निर्णय वापरणाऱ्याच्या हातात आला. ‘ऑलवेज अलाउ’ मात्र मी कुणाच्याच फोनवर ठेवत नाही. घरात लहान मूल असेल तर नक्कीच ठेवू नका.

‘डेटा सेव्हर’ (मागे चालणाऱ्या ॲप्सचा डेटा रोखणारी अँड्रॉइडची सेटिंग) चालू असेल तर डाउनलोड होईपर्यंत बंद करा. स्क्रीन बंद झाली की डाउनलोड अडतं, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

इथपर्यंतचं सगळं पाच मिनिटांचं काम आहे. खरी गोची हॉटस्पॉटवर होते, आणि तिथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

मे महिना होता. भाचीची सकाळी ऑनलाइन टेस्ट आणि क्लासचं नवीन ॲप रात्रीपर्यंत फोनमध्ये हवं होतं. तिचा दिवसाचा कोटा संपलेला, म्हणून मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला. तिच्या फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि ॲपखाली अक्षरं: ‘वेटिंग फॉर वायफाय’. “आत्या, वायफाय तर फुल्ल आहे, मंग हे काहून थांबून राहिलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कूलरसमोर बसून मी वर सांगितलेले तिन्ही फालतू उपाय केले. अकाउंट काढून परत टाकलं, त्यात तिचं बाकीच्या ॲपमधलं लॉगिनही गेलं. अडीच तासांनी, काहीच सुचेना म्हणून, वायफायच्या नावाशेजारचं चाक दाबलं. आत ‘नेटवर्क युसेज’मध्ये शब्द होता ‘मीटर्ड’.

आत काय चालतं ते समजून घ्या, मग पुन्हा कधी अडणार नाही. अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट देतो तेव्हा जोडणाऱ्या फोनला आयपी पत्ता देतानाच एक निरोपही देतो, की हे नेट मोजून मिळणारं आहे. समोरचाही अँड्रॉइड असेल तर तो हा निरोप वाचतो आणि त्या वायफायवर ‘मीटर्ड’चा शिक्का मारतो. वर चिन्ह वायफायचंच दिसतं. प्ले स्टोअरमध्ये ‘ओव्हर वायफाय ओन्ली’ निवडलेलं असेल तर त्याला बिनमोजणीचं वायफाय हवं असतं, म्हणून ते वाट बघत बसतं.

मी त्या रात्री तिथे ‘ट्रीट ॲज अनमीटर्ड’ केलं. बोट उचलायच्या आत चिन्हाभोवतीचं कडं फिरायला लागलं. बरेच लोक हाच उपाय सांगतात आणि तिथेच थांबतात. तो उपाय करू नका. दुसऱ्या दिवशी भाचीनं लेक्चर बघायला परत माझा हॉटस्पॉट जोडला. तिच्या फोनला आता ते घरचं फुकटचं वायफाय वाटत होतं. त्यानं एकापाठोपाठ एक ॲप्स अपडेट करायला घेतली, फोटोंचा बॅकअप सुरू केला, आणि माझे दोन जीबी जेवणाच्या आत संपले. मी नंतर बाहेर गेले. यूपीआयनं पैसे देताना चक्र फिरत राहिलं तेव्हा मला कळलं.

म्हणून माझं ठाम मत: शिक्का राहू द्या, परवानगी स्टोअरला द्या. वर सांगितलेलं ‘आस्क मी एव्हरी टाइम’ निवडलेलं असलं की मीटर्ड हॉटस्पॉटवरही ते विचारतं, तुम्ही हो म्हणता, आणि तेवढं एकच ॲप उतरतं. बाकीच्यांना शिक्का थोपवून धरतो. सिम टाकलेला छोटा राउटर वापरत असाल तर उलटी काळजी घ्या. त्यावर शिक्का लागलेला नसल्याचं मी पाहिलंय, तिथे स्वतःच्या हातानं ‘ट्रीट ॲज मीटर्ड’ करा. काही फोनमध्ये हीच जागा ‘मीटर्ड नेटवर्क’ नावानं असते. आयफोन हॉटस्पॉटला जोडत असाल तर वायफायच्या नावाशेजारचं ‘आय’ दाबून ‘लो डेटा मोड’ चालू करा.

ॲप आजच्या कोट्यापेक्षा मोठं असेल तर रात्री अकराच्या पुढे सुरू करा. उरलेला आजचा डेटा आधी वापरला जातो, बारा वाजता नवा कोटा लागतो आणि डाउनलोड पुढे सरकतं. बारानंतरही वेग वाढला नाही तर एरोप्लेन मोड लावून अर्ध्या मिनिटानं काढा. मधेच थांबवायचं असेल तर क्रॉसवर बोट नेऊ नका, माझ्या अनुभवात सगळं परत शून्यावर जातं. नुसता डेटा बंद करा. आयफोनवर चिन्ह दाबून धरलं की ‘पॉज डाउनलोड’ मिळतं. पॅकमध्ये अमर्याद ५जी असेल तर हा हिशेब लागत नाही, पण वर ५जी लिहिलेलं टिकून आहे ना, ते बघत राहा. आतल्या खोलीत ते ४जीवर घसरलं की रोजचा कोटा कापला जातो. आम्ही सरळ गच्चीवर जातो.

रेल्वे स्टेशनचं रेलवायर वायफाय वापरा, असा सल्ला कुणी दिला तर गणित करा. फुकटचा अर्धा तास १ एमबीपीएस वेगानं मिळतो, म्हणजे फार तर २२५ एमबी. लहान ॲपसाठी ठीक आहे, पण १ जीबीसाठी नंदनवनहून स्टेशनपर्यंत जाण्यात अर्थ नाही.

आणि स्टोअर अडलं म्हणून टेलिग्रामवर कुणी पाठवलेली एपीके फाइल (स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायची फाइल) टाकू नका, कितीही घाई असली तरी. ज्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे त्या फोनमध्ये तर मुळीच नाही. अशी फाइल कुणी बदलून पाठवली आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. अगदीच निकड असेल तर एका दिवसाचा डेटा ॲड-ऑन मारा.

ॲप उतरलं की हॉटस्पॉट बंद करा आणि डेटा सेव्हर परत चालू करा. कधी ‘अनमीटर्ड’ केलं असेल तर ते त्याच रात्री ‘डिटेक्ट ऑटोमॅटिकली’वर आणा.