रविवारची सुई

शाळेपासून ‘जाडी’ हेच माझं नाव. चाळीस वर्षं डाएटं केली. वजन उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. आता डॉक्टरांनी मौंजारो लिहून दिलंय, म्हणजे भूक कमी करून वजन उतरवणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. सुरुवात 2.5 मिलिग्रॅमनं, चार आठवड्यांनी 5. डोस आपल्या मनानं वाढवायचा नाही. स्वादुपिंडाला कधी सूज येऊन गेली असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर आधीच सांगा.

दर रविवारी पोटावर टोचते, जागा बदलून. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये कधीच नाही. पहिले दोन महिने मळमळ फार. मग तळण बंद, अर्धीच भाकरी, आणि ताटातली मुगाची उसळ आधी. भूक नाही म्हणून एकदा दिवसभर उपाशी राहिले, तर जिन्यातच चक्कर आली. पाणी प्या, नाहीतर बद्धकोष्ठ छळतं. (सासूबाईंचा इसबगोल इथे उपयोगी पडला.)